सेटिंग वाचलं, पण कुठून?

जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात उतरवायची म्हटलं की बरेच जण टेसरॅक्टपाशी येऊन पोचतात. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८०च्या दशकात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे बरीच वर्षं गूगलने त्याचं काम चालवलं. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची: चित्र कोणतं, निकाल कुठे ठेवायचा, भाषा कोणती. आणि नव्याने आलेल्या माणसाला पुष्कळदा पहिल्याच ओळीला नकार मिळतो. भाषेची डेटा फाइल उघडता येत नाही, 'टेसडेटा-प्रीफिक्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नीट लावलं आहे का ते पाहा, असा तो संदेश.

या संदेशाच्या शब्दांत एक बारकावा आहे. टेसरॅक्टच्या तिसऱ्या आवृत्तीत हे व्हेरिएबल 'टेसडेटा' फोल्डर ज्याच्या आत आहे त्या वरच्या फोल्डरकडे वळवायचं होतं. २०१८ साली चौथी आवृत्ती आली आणि तेच व्हेरिएबल खुद्द 'टेसडेटा' फोल्डरकडे वळवायचं ठरलं. नाव तेच, अर्थ एका पायरीने बदललेला. जुनी मार्गदर्शनं मात्र तशीच फिरत राहिली. ती वाचून सगळं अक्षरशः पाळणारा माणूस हमखास अडकतो: मराठीची फाइल डिस्कवर आहे, सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, पत्ता तेवढा एका फोल्डरने चुकलेला. यात आणखी एक भर. उबंटूसारख्या लिनक्समध्ये या फोल्डरच्या पत्त्यातच आवृत्तीचा आकडा असतो, आधी ४.००, मग ५. कुणी मेहनतीने मराठीची अधिक अचूक डेटा फाइल स्वतंत्र उतरवून त्या फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर आवृत्ती बदलल्यावर ती जुन्या फोल्डरमध्येच राहते. टेसरॅक्ट नव्या फोल्डरमधली साधी फाइल वापरू लागतं, आणि कुठलाही संदेश न येता अचूकता घसरते.

हा प्रश्न एकट्या टेसरॅक्टचा नाही. कमांड लाइनवर चालणारं प्रत्येक साधन आपली सेटिंग कुठून तरी वाचतं, आणि ती कुठे ठेवावीत, कोणत्या क्रमाने वाचावीत, कोणत्या रूपात लिहावीत यावर गेली पन्नासेक वर्षं वाद चालू आहेत. त्या वादांचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा कोणती आणि लिहिण्याचं रूप कोणतं यावर जेवढी शक्ती खर्च झाली, त्याच्या निम्मी जरी 'हे मूल्य मी अमुक फाइलमधून घेतलं' असं साधनाने स्वतः सांगण्यावर झाली असती, तरी लोकांचे असंख्य तास वाचले असते.

आधी जागेबद्दल. युनिक्समध्ये पूर्ण यंत्रासाठीची सेटिंग '/ईटीसी' या फोल्डरमध्ये आणि एकेका वापरकर्त्याची त्याच्या होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींत, ही रीत फार जुनी. टिंबाच्या फाइली यादीत दिसत नाहीत, म्हणून त्या सोयीच्या वाटतात. पण ही सोय कुणी आखलेली नव्हती. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी तिची हकिकत सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये 'हेच फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' अशा एक टिंब आणि दोन टिंबं नावाच्या दोन नोंदी असतात. यादी दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडमध्ये त्या दोन नोंदी गाळायच्या होत्या. पूर्ण नाव तपासण्याऐवजी पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं, आणि टिंबाने सुरू होणारं काहीही अदृश्य झालं. मग प्रत्येक साधनाने आपली फाइल तिथेच टाकायला सुरुवात केली. आज कुठल्याही प्रोग्रामरच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली दाखवायला सांगितल्या, तर पडदा भरून यादी येते. त्यातल्या निम्म्या कुणाच्या आहेत हे त्या यंत्राच्या मालकालाही सांगता येत नाही.

हा पसारा आवरण्याचा गंभीर प्रयत्न २००३ साली झाला. लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पांनी मिळून 'एक्सडीजी बेस डिरेक्टरी' नावाचा नियम लिहिला. सेटिंग '~/.कॉन्फिग'मध्ये, साधनाचा स्वतःचा डेटा '~/.लोकल/शेअर'मध्ये, पुसली तरी चालेल अशी साठवण '~/.कॅश'मध्ये. २०२१ साली त्यात चौथी जागा आली: कमांडचा इतिहास, लॉग यांसारख्या, सेटिंगही नाही आणि डेटाही नाही अशा गोष्टींसाठी. या नियमाचं खरं मोल व्यवस्थितपणात नाही, बॅकअपमध्ये आहे. नवा लॅपटॉप घेतल्यावर काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं हे फोल्डरच्या नावावरूनच कळतं. नियम चांगला आहे आणि तो पाळणाऱ्या साधनांची संख्या वाढते आहे. पण जुन्या साधनांना जुनी जागाही सांभाळावी लागते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट २०१२पासून '~/.कॉन्फिग'मधली फाइल वाचतं आणि होम फोल्डरमधली जुनी '.गिटकॉन्फिग'ही वाचतं. दोन्ही असल्या तर दोन्ही. पसारा कमी करण्याच्या नियमाने शोधण्याच्या जागा एकाने वाढवल्या, हे मान्य करायला हवं.

मॅकवर वाद वेगळाच आहे. ॲपलच्या रीतीप्रमाणे ॲपची सामग्री 'लायब्ररी' फोल्डरमधल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये जाते. गो भाषेची प्रमाण लायब्ररी 'सेटिंगचं फोल्डर कोणतं' या प्रश्नाला मॅकवर तेच उत्तर देते. म्हणून गोमध्ये लिहिलेलं एखादं साधन लिनक्सवर एका जागी आणि मॅकवर दुसऱ्या जागी आपली फाइल शोधतं, आणि मार्गदर्शनात बहुतेक वेळा लिनक्सचीच जागा छापलेली असते. टर्मिनलमध्ये काम करणारी मंडळी मॅकवरही '~/.कॉन्फिग'चीच अपेक्षा करतात. माझा कल त्यांच्याकडे आहे. 'ॲप्लिकेशन सपोर्ट' या नावात मधे मोकळी जागा आहे, आणि मोकळी जागा असलेला पाथ टर्मिनलमध्ये प्रत्येक वेळी अवतरणात घालावा लागतो.

विंडोजने तिसरी वाट धरली. सुरुवातीला आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली होत्या. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित रूपात आली आणि विंडोज ९५पासून ती व्यवस्थेचा कणा झाली. एकच मध्यवर्ती साठा, त्यात प्रत्येकाची किल्ली. व्यवस्थापकाच्या दृष्टीने यात फायदे आहेत: एकाच ठिकाणाहून शंभर यंत्रांची सेटिंग बदलता येतात. पण मजकुराची फाइल मित्राला पाठवता येते, दोन फाइलींतला फरक पाहता येतो, गिटमध्ये ठेवता येते, शेजारी टीप लिहिता येते. रजिस्ट्रीत हे सगळं अवघड. कमांड लाइनची साधनं विंडोजवर आली तेव्हा त्यांतली बरीचशी रजिस्ट्रीला वळसा घालून 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये किंवा सरळ वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये टिंबवाली फाइल ठेवू लागली.

जागा कळली की पुढचा प्रश्न क्रमाचा. एकच सेटिंग चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेलं असेल तर चालणार कुणाचं? यावर बऱ्यापैकी एकमत आहे: कमांडच्या ओळीत लिहिलेलं सर्वांत वर, त्याखाली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग प्रकल्पाच्या फोल्डरमधली फाइल, मग वापरकर्त्याची, मग यंत्राची, आणि कुठेच काही नसेल तर साधनात भरलेलं डिफॉल्ट. जितकं जवळचं आणि जितकं ताजं, तितका मान अधिक. टेसरॅक्टही याच वळणाने जातं. कमांडमध्ये डेटा फोल्डर सांगितलं तर ते, नाही तर व्हेरिएबल, नाही तर बांधणीच्या वेळी आत लिहिलेला पत्ता.

एकमत असलं तरी फाइलीच्या आत काय होतं यावर मात्र साधनं एकमेकांच्या थेट विरुद्ध वागतात. गिटमध्ये आधी यंत्राची फाइल वाचली जाते, मग वापरकर्त्याची, मग प्रकल्पाची, आणि शेवटी वाचलेलं मूल्य टिकतं. दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या एसएसएचमध्ये वापरकर्त्याची फाइल आधी, यंत्राची नंतर, आणि पहिल्यांदा सापडलेलं मूल्य टिकतं. दोन्ही पद्धतींचा शेवट एकच, वापरकर्त्याचं यंत्रावर वरचढ. पण एका फाइलीच्या पोटात परिणाम उलटा होतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व सर्व्हरसाठी' असा तारांकित विभाग वर लिहिला आणि एका विशिष्ट सर्व्हरसाठी वेगळं वापरकर्तानाव खाली लिहिलं, तर खालचं कधीच लागू होत नाही. वरच्या विभागात नाव सापडलं, तिथेच शोध संपला. म्हणून एसएसएचमध्ये सर्वसाधारण नियम तळाशी आणि विशिष्ट नियम वर. गिटच्या सवयीने लिहिणारा नेमकं याच्या उलट लिहितो. फाइल निर्दोष असते, चूक दाखवणारा संदेश येत नाही, आणि सर्व्हर 'परवानगी नाही' एवढंच म्हणतो.

गिटने २०१७मध्ये आणखी एक सोय दिली: प्रकल्प कोणत्या फोल्डरखाली आहे त्यावरून वेगळी सेटिंग फाइल आत ओढून घ्यायची. ऑफिसच्या फोल्डरखालच्या कामाला ऑफिसचा ईमेल, घरच्या खुल्या प्रकल्पांना स्वतःचा. पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी करून रात्री स्वतःचं काहीतरी लिहिणाऱ्या मंडळींना ही सोय मनापासून सुचवावीशी वाटते. ऑफिसच्या पत्त्याने नोंदलेला बदल एकदा सार्वजनिक झाला की तो मागे घेणं फार कटकटीचं असतं. एक अट तेवढी ध्यानात ठेवायची: त्या नियमातल्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे आतलं सगळं त्यात येतं. रेघ विसरली तर नियम आतल्या प्रकल्पांना लागूच होत नाही, आणि गिट काही बोलत नाही.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधून आली. त्यांतलं सर्वांत ओळखीचं 'पाथ'. नुसतं नाव लिहिल्यावर प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचा याची ती यादी. यादीत जे फोल्डर आधी, त्यातला प्रोग्राम चालतो. एकाच यंत्रावर तीन पायथॉन असतात आणि 'पायथॉन' म्हटल्यावर नको तो धावतो, याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायला होमब्रू वापरणाऱ्यांनी याचा मोठा अनुभव घेतला. इंटेलच्या मॅकवर त्याचं घर '/यूएसआर/लोकल' होतं, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते '/ऑप्ट/होमब्रू' झालं. जुन्या यंत्रातली सेटिंग जशीच्या तशी नव्यात नेणाऱ्यांच्या यादीत हे नवं फोल्डर नव्हतंच.

'पाथ'चा आणखी एक सापळा वेळापत्रकाने काम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये आहे. टर्मिनलमध्ये व्यवस्थित चालणारी कमांड रात्री दोन वाजता क्रॉनमधून चालवली की 'सापडत नाही' म्हणते. टर्मिनल उघडताना त्यातल्या कमांड वाचणारं शेल तुमच्या फाइली वाचतं आणि यादी लांबवतं. क्रॉन त्या फाइली वाचत नाही, त्याच्याकडे साधारणपणे दोनच फोल्डरांची तुटपुंजी यादी असते. उपाय साधा आहे, क्रॉनमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहायचा. पण कारण समजल्याशिवाय माणूस हा उपाय करत नाही. प्रोग्रामच खराब झाला म्हणून तो पुन्हा बसवत राहतो.

लाटेसारख्या चिन्हाची, म्हणजे '~'ची गोष्टही अशीच समजून घेण्याजोगी आहे. होम फोल्डर असा त्याचा अर्थ आपण धरतो, पण तो अर्थ लावतं शेल, प्रोग्राम नव्हे. शब्दाच्या सुरुवातीला, अवतरणाबाहेर असेल तरच शेल त्याचा विस्तार करतं. अवतरणात घातलं की ते नुसतं चिन्ह. दोन आडव्या रेघा, पर्यायाचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि लगेच '~' असं लिहिलं तर बॅश हे शेल त्याला हात लावत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये तर शेलचा संबंधच येत नाही. तिथे साधनाने स्वतः विस्तार केला तर ठीक, नाही तर ते चालू फोल्डरमध्ये खरोखरच '~' नावाचं फोल्डर तयार करतं. हे फोल्डर दिसल्यावर काय करायचं ते मात्र जपून. ते पुसायला साधी पुसण्याची कमांड देऊन पुढे '~' लिहिलं, तर त्या वेळी शेल विस्तार करतं आणि संपूर्ण होम फोल्डर पुसलं जातं. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावून './~' असंच लिहायचं.

सापेक्ष पाथ, म्हणजे मुळापासून न लिहिलेला पत्ता, नेमका कशाच्या सापेक्ष मोजायचा यावर साधनांची तोंडं दोन दिशांना आहेत. काही साधनं तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून मोजतात, काही कॉन्फिग फाइल जिथे आहे तिथून. दुसरी रीत सरस आहे असं मी ठामपणे म्हणेन. कॉन्फिग फाइल प्रकल्पासोबत फिरते, माणूस कुठेही उभा असू शकतो. टाइपस्क्रिप्ट, डॉकर कंपोज, गिटमधली आत ओढलेली फाइल, सगळीकडे आता फाइलीपासूनच मोजणी होते. कमांडच्या ओळीत लिहिलेला पत्ता मात्र उभ्या जागेपासूनच मोजला जावा, कारण टॅब दाबून नाव पुरं करताना शेल तसंच समजतं.

तिरक्या रेघेचं मूळ सांगायला हवं. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, आणि '/' हे चिन्ह कमांडचे पर्याय द्यायला वापरलं जात होतं. १९८३च्या डॉस २.०मध्ये फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह अडकलेलं, म्हणून उलटी रेघ घेतली गेली. त्या निवडीची किंमत आजही कॉन्फिग फाइली मोजतात, कारण बहुतेक लेखनपद्धतींत उलटी रेघ म्हणजे 'पुढचं अक्षर विशेष अर्थाने घ्या'. सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स' फोल्डरचा पत्ता पायथॉनमध्ये सरळ लिहिला तर रेघ आणि पुढचं मोठं अक्षर मिळून तो युनिकोड संकेताची सुरुवात समजतो आणि थांबतो. विंडोजवरही बहुतेक साधनं सरळ '/' स्वीकारतात, तेच लिहावं. विंडोजमधली पत्त्याच्या लांबीची २६० अक्षरांची मर्यादा २०१६पासून सेटिंग बदलून उठवता येते, पण ती उठवलेली यंत्रं गृहीत धरता येत नाहीत.

रिकाम्या मूल्याचा धोका सर्वांत भयंकर. जानेवारी २०१५मध्ये स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीतला दोष उघडकीला आला. त्याच्या एका स्क्रिप्टमध्ये स्टीमच्या फोल्डरचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये होता, आणि 'त्या पत्त्यानंतर तिरकी रेघ, त्यातलं सगळं पुसा' अशी ओळ होती. काही परिस्थितीत व्हेरिएबल रिकामं राहिलं. मग उरलं नुसतं '/', आणि वापरकर्त्याला पुसण्याची परवानगी असलेलं सगळं पुसलं जाऊ लागलं, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कसकट. त्या ओळीच्या वर 'भीतिदायक' अशा अर्थाची टीप लिहिणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवली होती. शेलमध्ये व्हेरिएबल रिकामं असेल तर तिथेच थांबायला सांगणारी लेखनपद्धत पूर्वीपासून आहे. पत्ता हातात आला की तो रिकामा नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुसण्याची ओळ लिहूच नये.

आता आपल्या लिपीकडे. फाइलींची नावं मराठीत ठेवण्यात तत्त्वतः अडचण काहीच नाही, तरीही कमांड लाइनवर त्यांचे तीन ठळक प्रश्न येतात. पहिला लांबीचा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही सुद्धा स्वतंत्र चिन्हं. 'महाराष्ट्र' या शब्दाची चिन्हं दहा, बाइट तीस. म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसवायचं. लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलीला देणाऱ्यांना ही मर्यादा सहज आडवी येते.

दुसरा दिसण्याचा. गिटमध्ये 'वऱ्हाड' नावाची फाइल घातली आणि स्थिती विचारली, तर नावाऐवजी अवतरणात आकड्यांची माळ दिसते: \३४०\२४४\२६५ आणि पुढे असंच. ते तीन आकडे म्हणजे 'व'चे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. फाइल बिघडलेली नसते. गिटचं 'कोट-पाथ' हे सेटिंग डिफॉल्टने चालू असतं, ते 'फॉल्स' केलं की नाव नीट दिसतं. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने नव्या यंत्रावर ही ओळ पहिल्यांदा लिहावी.

तिसरा प्रश्न खोल आहे, आणि तो मराठीला हिंदीपेक्षा अधिक टोचतो. 'वऱ्हाड'मधला अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. 'ऱ' या एकाच चिन्हाला हलन्त लावून. साध्या 'र'ला नुक्ता आणि मग हलन्त लावून. किंवा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालून. तिन्ही पडद्यावर सारखे दिसतात, बाइट वेगळे. युनिकोडच्या नियमांनुसार पहिले दोन एकमेकांना समान मानले जातात, तिसरा नाही. लिनक्स नावाकडे नुसते बाइट म्हणून पाहतं, त्यामुळे तिथे एकाच फोल्डरमध्ये तीन 'वऱ्हाड' शेजारी शेजारी नांदू शकतात. मॅकची जुनी फाइल व्यवस्था, एचएफएस प्लस, पहिल्या प्रकारचं नाव दिलं तरी फोडून दुसऱ्या प्रकारात साठवत असे. अशा मॅकवरून आलेल्या यादीतलं नाव लिनक्सवरच्या कॉन्फिग फाइलमधल्या नावाशी जुळत नाही, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. गिटने २०१२मध्ये मॅकसाठी ही नावं पुन्हा जोडून घेण्याचं सेटिंग दिलं ते याच जातीच्या अडचणीवर उपाय म्हणून. हीच फाइल व्यवस्था नावं जुळवताना न दिसणारी जोडचिन्हं वगळतही असे. डिसेंबर २०१४मध्ये उघड झालेल्या गिटच्या एका सुरक्षा दोषात ते वगळणं वापरता येत होतं: 'गिट' या शब्दात अदृश्य चिन्ह घालून बनवलेलं फोल्डर गिटच्या तपासणीतून सुटायचं आणि मॅकवर खऱ्या सेटिंगच्या फोल्डरवर जाऊन बसायचं.

मराठी पुस्तकांचे संग्रह डिजिटल करणाऱ्यांनी म्हणून फाइलींची नावं क्रमांकांवर ठेवावीत आणि मराठी शीर्षक वेगळ्या यादीत, असा माझा सल्ला आहे. हा सल्ला देताना वाईट वाटतं. आपल्या भाषेत फाइलीला नाव देता यावं ही फार साधी अपेक्षा आहे. पण संग्रह वीस वर्षं आणि पाच व्यवस्थांमधून टिकवायचा असेल तर आज तरी हेच खात्रीचं.

लेखनपद्धतींच्या वादावर थोडक्यात आटोपतो. जेसनमध्ये टीप लिहिता येत नाही, म्हणून माणसाने हाताने लिहायच्या सेटिंगला ते अपुरं. याम्ल वाचायला सुरेख, पण त्याच्या १.१ आवृत्तीत अवतरणाशिवाय लिहिलेला नॉर्वेचा 'एनओ' हा देशसंकेत 'नाही' असा वाचला जातो आणि २२:२२ हा मजकूर १३४२ हा आकडा होतो. २०१३मध्ये आलेलं टॉम्ल या दोघांमधलं, आणि पायथॉनने ३.११पासून ते आपल्या प्रमाण लायब्ररीत घेतलं. नवं साधन लिहिणाऱ्याने टॉम्ल घ्यावं आणि पुढच्या कामाला लागावं. विंडोजवर नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना नावामागे '.टीएक्सटी' लागतं आणि एक्सप्लोरर ते लपवतो, हा साधा घोटाळा लेखनपद्धतीच्या कुठल्याही दोषापेक्षा जास्त लोकांना अडवतो.

सुरक्षेचा भाग मात्र झटकून चालणार नाही, कारण सेटिंग म्हणजे पुष्कळदा कमांडच असते. गिटच्या सेटिंगमध्ये 'अमुक घडलं की हा प्रोग्राम चालव' असं लिहिता येतं. आणि गिट चालू फोल्डरपासून वर वर चढत '.गिट' शोधतं. सामायिक यंत्रावर दुसऱ्या कुणी वरच्या फोल्डरमध्ये असं '.गिट' ठेवून दिलं, तर खाली काम करणाऱ्याच्या नावाने त्याचा प्रोग्राम चालणार. एप्रिल २०२२मध्ये हा दोष दुरुस्त झाला. दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधली सेटिंग गिट आता वाचत नाही, आणि 'मालकी संशयास्पद' असा संदेश देऊन त्या फोल्डरला परवानगी द्यायची रीत सांगतं. बऱ्याच लोकांनी तारांकन घालून सगळ्याच फोल्डरांना परवानगी देऊन टाकली. कटाक्षाने टाळावं असं हे आहे. संदेशात एका फोल्डरची ओळ दिलेली असते, तेवढीच लिहावी. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या फाइलऐवजी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, हा २०११पासून रूढ झालेला सल्लाही अर्धाच बरोबर आहे. किल्ली गिटमध्ये जाण्यापासून वाचते हे खरं, पण व्हेरिएबल प्रत्येक पोटप्रोग्रामला वारशाने मिळतं आणि चुकीच्या लॉगमध्ये सहज छापलं जातं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे. इतक्या जागा, इतके थर, इतके नियम कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत, आणि राहावेत अशी अपेक्षाही नको. साधनाला विचारता आलं पाहिजे. काहींना विचारता येतं. गिटला 'कॉन्फिग' यादी मागताना 'शो-ओरिजिन' जोडलं की प्रत्येक मूल्याशेजारी ते ज्या फाइलमधून आलं तिचा पत्ता छापला जातो. ही सोय २०१६ची, म्हणजे गिटचा जन्म झाल्यावर अकरा वर्षांनी आलेली. विम संपादकात 'व्हर्बोस' लावून सेटिंग विचारलं तर ते शेवटचं कोणत्या फाइलमध्ये ठरलं हे कळतं. ॲमेझॉनच्या क्लाउडचं साधन प्रत्येक मूल्यासोबत ते व्हेरिएबलमधून आलं की फाइलमधून, आणि कोणत्या, हे दाखवतं, शिवाय गुप्त किल्लीची शेवटची चार अक्षरं सोडून बाकीची झाकतं. एसएसएचला मोठं 'जी' देऊन सर्व्हरचं नाव दिलं तर जोडणी न करता अंतिम सेटिंग छापून मिळतात, आणि लहान 'व्ही' दिलं तर कोणकोणत्या फाइली वाचल्या ते दिसतं. मूल्य कोणत्या ओळीतून आलं ते मात्र या दोन्हींत येत नाही. टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीला भाषांची यादी मागितली तर आधी ते ज्या फोल्डरमधून वाचतं आहे त्याचा पत्ता येतो. भाषेची फाइल सापडत नसेल तर सर्वांत आधी हीच ओळ चालवावी.

बाकीच्या साधनांच्या बाबतीत माणसाला गुप्तहेरगिरी करावी लागते. लिनक्सवर 'एसट्रेस' नावाच्या साधनाखाली प्रोग्राम चालवला की त्याने उघडायचा प्रयत्न केलेली प्रत्येक फाइल दिसते, सापडलेली आणि न सापडलेली. अत्यंत खात्रीचा मार्ग, पण शेकडो ओळींतून आपली ओळ हुडकायची आणि तीही सराव असलेल्या माणसाने. ग्रंथालयात स्कॅनिंग करणाऱ्या कर्मचाऱ्याला 'एसट्रेस चालवा' असं सांगणं हे उत्तर होऊ शकत नाही.

आपल्याकडे जुन्या फॉन्टांमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी, ओसीआरचा, म्हणजे चित्रातून मजकूर ओळखण्याचा, निकाल साफ करणारी, शब्द तपासणारी छोटी साधनं अनेक जण हौसेने लिहितात आणि वाटतात. त्यांच्याकडे माझी मागणी एकच आहे. साधनात एक पर्याय असा ठेवा, की तो दिल्यावर साधनाने कोणत्या फाइली शोधल्या, त्यांतल्या कोणत्या सापडल्या, कोणत्या सापडल्या नाहीत आणि प्रत्येक सेटिंगचं अंतिम मूल्य कुठून आलं, हे पूर्ण पत्त्यांसह छापावं. सापेक्ष पत्ते नकोत, '~' नको, किल्ल्या झाकलेल्या. आणि फाइल सापडली नाही असा संदेश द्यायची वेळ आली, तर त्या संदेशातच शोधलेल्या सगळ्या जागांची यादी द्या. सेटिंग वाचणारा भाग एका जागी लिहिलेला असेल तर हे सगळं एका दुपारचं काम आहे. कोड सगळीकडे विखुरला की तेच करायला महिने जातात, म्हणून पहिल्याच आवृत्तीत करून टाकलेलं बरं.